खडू सोडलेला साडू

चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाला कामातून कसं घालवायचं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं नांदेडहून लातूरची एसटी धरावी आणि माझ्या साडूला भेटून यावं. तो एमबीए झालेला आहे. ही पदवी घेऊन जगात पुष्कळांचं भलं झालं असेल, मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण माझ्या साडूचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरणारच, कारण मी त्याला आधी पाहिलेलं आहे.

आधी तो लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, अंगात आल्यासारखा शिकवायचा. शर्टाला खडू, केसांना खडू, जेवायला बसला की वरणातही थोडा खडू. "सोडियमच्या घरी एक इलेक्ट्रॉन उपवर झालाय," तो पोरांना सांगायचा, "आन् क्लोरीनच्या घरी एक जागा रिकामी हाय. बोलणी करायला मधी मामा लागतो का? न्हाई लागत. म्हणून तर मीठ टिकतं." पोरं बाकं बडवायची आणि तो धडा जन्मात विसरायची नाहीत. मुदखेडला आमच्या सासुरवाडीत तो आला की शेजारपाजारची अकरावी-बारावीची पोरं पुस्तकं घेऊन ओट्यावर हजर. सासूबाईंनी ताट वाढलेलं आणि जावईबापू भिंतीवर कोळशानं बेंझीन काढतायत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्याचे वडील, अण्णा, अहमदपूरजवळच्या गावातले निवृत्त गुरुजी. ते अधूनमधून लातूरला यायचे आणि क्लासच्या जिन्यात, वर्गाच्या दाराबाहेर पायरीवर बसायचे. त्यांना केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं. "कळायचं काय त्यात," ते मला म्हणाले होते, "पोरं हासली की समजतं, बराबर चाललंय."

मग क्लासच्या मालकाला सुबुद्धी सुचली. सगळ्यात चांगल्या मास्तराला मोठं करायचं म्हणून त्याला शनिवार-रविवारचं एमबीए करायला पाठवलं. दोन वर्षं बिचारा सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या गाडीत झोपला. परत आला तो 'हेड, अकॅडमिक ऑपरेशन्स' होऊन. काचेची केबिन, एसी, दारावर पितळी पाटी. वर्गातून मात्र तो कायमचा उठला. आंब्याला भरपूर आंबे लागतात म्हणून त्याला उपटून दिवाणखान्यात ठेवण्याचा हा प्रकार, आणि याला बढती म्हणतात.

त्यानंतर त्यानं नातेवाइकांना मॅनेज करायला घेतलं. घरातल्या फ्रिजवर पांढरा बोर्ड लावून माझ्या मेव्हणीला तिमाही उद्दिष्टं लिहून दिली. तिनं त्याच्याखाली 'गॅस संपलाय' एवढंच लिहिलं आणि तेही उद्दिष्टच समजून त्यानं त्याच्यासमोर स्वतःचं नाव टाकलं. सासूबाईंना त्यानं विचारलं, "आजच्या पुरणपोळीला तुम्ही स्वतःला दहापैकी किती मार्क द्याल?" त्या माउलीनं शांतपणे उत्तर दिलं, "जावईबापू, अजून एक वाढू का न्हाई, तेवढं सांगा." भाचीला पाहायला पाहुणे आले तर यानं मुलाला विचारलं की पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठं बघता. मुलगा गांगरून म्हणाला, "हिमायतनगरलाच." ते लग्न झालं, पण माझ्या साडूच्या मदतीनं नव्हे.

यात हसण्यासारखं आहे, आणि लोक हसायचेही. मला हसू येत नव्हतं. अण्णा शेवटचे लातूरला आले तेव्हा मी तिथं होतो. साडूनं त्यांना केबिनमध्ये सोफ्यावर बसवलं, कॉफी मागवली.

"तुझा तास कवा हाय?" अण्णांनी विचारलं.

"आता मी तास घेत नाही, अण्णा. तास घेणाऱ्यांना मॅनेज करतो."

"म्हंजे शिकवत न्हाईस."

साडूनं मग स्क्रीनवर आलेख दाखवला. अण्णांनी तो गोल फिरणाऱ्या पंख्याकडे बघावं तसा बघितला आणि कॉफी न पिताच उठले. त्यानंतर ते आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दहाव्याला आम्ही सगळे गावच्या तळ्यावर जमलो. पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. बाभळीवर चांगले आठ-दहा बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. साडूचा थोरला भाऊ म्हणाला, "आईला अंतर देणार न्हाई, अण्णा." बहीण म्हणाली, "माहेर तुटू देणार न्हाई." कावळे ढिम्म.

साडू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, लोकेशन चुकलंय. कावळ्यांचा फूटफॉल, म्हणजे येणं-जाणं, तिकडं विहिरीजवळ जास्त आहे."

बापाच्या दहाव्याला हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झालो आणि सगळ्या गावासमोर हात जोडून म्हणालो, "अण्णा, तुमचा पोरगा परत फळ्यासमोर उभा राहील. माझा शब्द हाय."

आणि कावळा उतरला. त्यानं घास उचलला आणि उडून गेला. बायका डोळे पुसत म्हणाल्या, "गुरुजीचा जीव त्यातच हुता की."

परतताना गाडीत साडू लालेलाल झालेला. "हे करेक्ट नव्हतं, दादा. माझ्या वतीनं कमिटमेंट तुम्ही कशी दिलीत? आणि एका कावळ्यावरून डिसिजन घेत नसतात. डेटा लागतो."

"मग पुढच्या वेळी दोन बोलवा," मी म्हणालो.

अर्थात त्यानं काही केबिन सोडली नाही. मीही जवळजवळ वर्षभर त्याच्याशी कामापुरतंच बोललो. परवा लातूरला गेलो होतो तेव्हा मेव्हणीच्या आग्रहावरून त्याला भेटायला क्लासवर गेलो. तो मला नव्या शाखेची योजना समजावत होता. तेवढ्यात खिडकीबाहेरच्या एसीच्या खोक्यावर कावळा येऊन ओरडायला लागला. साडू बोलता बोलता थांबला, उठला, पडदा ओढून घेतला. आणि परत खुर्चीत बसला.

"रोज येतो," तो म्हणाला.

मी विचारलं, "तो मिठाचा धडा आता कोण घेतं?"

"व्हिडिओ लावतात."

"कुणाचा?"

"माझाच. जुना आहे."

"पोरं हसतात का त्या मामापाशी?"

"फीडबॅकच्या फॉर्ममध्ये तो प्रश्न नाही, दादा," तो म्हणाला, आणि हे बोलताना पहिल्यांदाच त्याचा स्वतःच्या इंग्रजीवरचा विश्वास उडाल्यासारखा वाटला.

"चला, बघू," म्हणून मी त्याला उठवलं. आम्ही जिना उतरलो. वर्गाचं दार लोटलेलं होतं आणि आतून त्याचाच आवाज येत होता, खडूच्या दिवसांतला, थोडा घोगरा. माझा साडू इस्त्रीची पॅन्ट विसरून अण्णांच्या पायरीवर बसला. आत सोडियमचा इलेक्ट्रॉन उपवर झाला, क्लोरीनच्या घरची जागा निघाली, बोलणीचा मामा आला आणि वर्गात हशा उठला. माझा राग अजून गेलेला नाही. पण साडूनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "हासले, दादा." मग तो तिथंच बसून राहिला, तास संपेपर्यंत.