गटारावरची चप्पडी

होसकोट्याच्या पुढचं आमचं गाव कागदावर शहर झालं. नगरसभा आली, अध्यक्षांना गाडी आली, आमच्या गल्लीतलं गटार मात्र उघडं होतं तसंच राहिलं. त्यावर दगडी चप्पड्या घालून ते झाकून घेईन, एवढ्या एका शब्दावर मी निवडून आले.

जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा 'उभी राहा' म्हणून माझ्या मागे लागली ती शेजारची म्हातारी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. तिचं घरही आमच्यासारखंच पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेलं मराठी, बोलणं अर्धं कन्नड. तिला डोळ्यांनी धड दिसत नाही. रोज सकाळी भिंतीला हात लावत, गटाराच्या काठाकाठाने ती देवळात जायची. माझ्यासाठी तिने घरोघरी दारं वाजवली. मला म्हणाली, "मला काही नको ग. तेवढी चप्पडी घालून दे."

नगरसभेत एक रीत आहे. बैठकीत कॉफी आली की हजेरीचं पुस्तक फिरतं. सह्या पानाच्या तळाशी करायच्या, वरची जागा कोरी. ठराव कारकून नंतर सावकाश लिहितो. पहिल्या दिवशी मी विचारलं तर शेजारची जुनी सदस्य बाई हसली. "सही कर आणि कॉफी पी, गार होतेय." मी केली. सगळे करतात म्हणून आपणही करायचं, यात मी पहिल्यापासून हुशार.

पुढे एका बैठकीला दोन विषय होते. एक आमच्या चप्पड्या. दुसरा जवळच्या फॅक्टरीचा. फॅक्टरी तळ्याकाठी बाग करून देणार, फोटो काढायला गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं लावणार. नगरसभेने फक्त कंपाउंड घालायचं आणि बागेपर्यंत रस्ता करायचा. फक्त म्हणे! मी पदर खोचून उभी राहिले आणि कन्नडमध्ये न अडखळता पाच मिनिटं बोलले. तळ्यावर फोटो काढायला कोण जातंय, म्हटलं, आमच्याकडे म्हातारी माणसं जीव मुठीत धरून चालतात. कुणी मध्ये बोललं नाही. अध्यक्षांनी मान डोलावली. "सरी मॅडम, ठीक आहे, आधी तुमचं काम." मला इतका आनंद झाला, की बाहेर येऊन बनशंकरीला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. मी बोलतेय तोच कारकून पुस्तक घेऊन तिथे आला. फोन कानाला तसाच धरून मी झोकात सही ठोकली.

घरी आल्यावर अक्काला सांगितलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

महिन्याभराने तळ्याकाठी जेसीबी लागला. मी तडक कारकुनाकडे गेले. त्याने शांतपणे पुस्तक उघडलं. माझ्या सहीच्या वर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: चप्पड्यांचं काम पुढे ढकलून तो निधी बागेच्या कंपाउंडला द्यावा, एकमताने मंजूर. "मॅडम, सही तुमचीच ना?" त्याने विचारलं. माझीच होती. खाली दोन रेघासुद्धा मारलेल्या. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. वरच्या ऑफिसात अर्ज केला, तो फिरून नगरसभेतच आला. भांडायला तरी कुठल्या तोंडाने जाणार? मी बोललेलं कुठेच लिहिलेलं नव्हतं, सही तेवढी होती.

अक्काला खरं सांगायची हिंमत झाली नाही. "दगड यायचेत अजून," म्हणत राहिले. रोज सकाळी ती माझ्या खिडकीखालून जायची आणि मी आत भांडी वाजवत बसायची. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग एक दिवस कुणीतरी भिंतीला खेटून स्कूटर लावली. अक्काच्या हाताला भिंतीऐवजी स्कूटर लागली. वळसा घालायला म्हणून तिने पाय बाजूला टाकला, तो गटारात. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात आता चालणं नाही.

बागेचं उद्घाटन झालं. दारातल्या दगडावर सदस्यांच्या नावांत माझंही नाव आहे. चांगला जाड, गुळगुळीत दगड आहे.

संध्याकाळी मी अक्काला पेज भरवायला जाते. परवा दोन घास गिळून तिने विचारलं, "चप्पडी घातली का ग?"

"घातली, अक्का."

"सरी. आता दुसरं कुणी पडायचं नाही." तिने चाचपत माझं तोंड शोधलं आणि पुन्हा बोटं मोडली. "तू बोलल्यावर कोण नाही म्हणेल?"

मी चमचा पुढे केला. ती आता उठून बघायला जाणार नाही, एवढ्याच भरवशावर मी खोटं बोलले होते.