तीस दिवसांतले दोन दिवस

आमच्या मालकांची दोन दुकानं आहेत, एक डिचोलीला आणि एक पेडण्याला. दोन्हीकडे किराणा, धान्य आणि घरात लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू. कुठला माल किती मागवायचा, कुठला ठेवायचा आणि कुठला बंद करायचा हे मी ठरवतो. बावीस वर्षं हेच काम करतो आहे. याच्या आकड्यांत चूक निघत नाही, असं मालक चारचौघांत सांगायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

तीनेक वर्षांपूर्वी दोन्ही दुकानांत संगणकावर बिलं करायला सुरुवात झाली. महिनाअखेरीस मला डिचोलीच्या गोदामात बसून प्रत्येक वस्तूची विक्री दिसू लागली. पेडण्याचं दुकान लहान, जागा कमी, आणि नवीन पाकिटं ठेवायला फळ्या पुरेनात. मालक म्हणाले, "जे पडून राहतं ते काढून टाक." मी प्रत्येक प्रकारच्या मालाला एक रेघ ठरवली. धान्याची रेघ महिन्याला पन्नास किलो. सलग सहा महिने जो माल रेघेखाली राहील, तो बंद. सगळ्यांना एकच नियम लावला, कुणाची भीड ठेवली नाही, याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

त्या रेघेखाली एका बाईचा उकडा तांदूळ आला.

पेडण्याच्या अलीकडच्या एका गावात ती राहते. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी, मी तिला वयनी म्हणतो. स्वतःच्या शेतातलं भात ती रात्रभर भिजवायची, तांब्याच्या मोठ्या भाणात उकडायची, खळ्यात चटयांवर वाळवायची आणि गावातल्या गिरणीवर सडून आणायची. तांबूस, जाड दाणा. त्याची पेज घट्ट होते आणि सकाळी एक वाटी खाल्ली की दुपारपर्यंत पोट मागत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तिला फोन करायचो, "वयनी, साठ किलो पाठवा," आणि दोनचार दिवसांत रिक्षातून माल यायचा. संगणक सांगत होता, या तांदळाची विक्री महिन्याला चाळीस किलो. बाहेरच्या गिरणीचा पाकीटबंद उकडा दोनशे सत्तर किलो. निर्णय घ्यायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

फोनवर सांगणं बरं दिसणार नाही, म्हणून ती पुढचा माल घेऊन आली त्या दिवशी मी मुद्दाम पेडण्याला गेलो. रिक्षातून पोती उतरत होती. म्हटलं, "वयनी, पुढच्या महिन्यापासून नको."

"कित्याक? तांदूळ वायट जालो?"

"नाही हो. तांदूळ चांगला आहे. पण चालत नाही."

"चलना म्हणजे? लोक खायनात?"

"खातात, पण कमी खातात. पाकिटाचा जास्त जातो. आकडे तसं सांगतात."

आकडे म्हटल्यावर तिने वाद घातला नाही. पदराने तोंड पुसलं आणि रिक्षावाल्याला विचारलं, "रिकामी पोती घेतलीस मरे?" नंतर दोन वर्षं मला तो प्रसंग आठवलाही नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते असं आहे.

या पावसाळ्यात पाकीटबंद उकड्याचा ट्रक घाटात अडकला आणि पेडण्याच्या दुकानात दहा दिवस एकही पाकीट नव्हतं. महिनाअखेरीस विक्री दिसली एकशे ऐंशी किलो, आणि संगणकाने सुचवलं की पुढच्या महिन्यात कमी मागवा, मागणी घटली आहे. मी एकटाच हसलो. मागणी कुठली घटायला? रोजचे नऊ किलो जातच होते, फक्त वीसच दिवस माल होता. फळीवर नसलेली वस्तू विकली कशी जाणार! हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळेल, या यंत्राला कळत नाही, असं मी मनात म्हणत होतो.

आणि मग मी हसायचा थांबलो.

मी जुन्या नोंदी काढल्या. वयनीचा माल कोणत्या तारखेला आला आणि त्याचं शेवटचं बिल कोणत्या तारखेला झालं, एवढंच शोधायचं होतं. पहिल्या महिन्यात दुसऱ्या दिवशी दुपारी माल संपला होता. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सहाही महिने तसंच. म्हणजे तिचे चाळीस किलो दोन दिवसांत गेले होते आणि उरलेले अठ्ठावीस दिवस फळी रिकामी होती. मी त्या चाळीसला महिन्याची विक्री म्हटलं होतं.

पण येत होते साठ. बाकीचे वीस किलो कुठे गेले, हे मला नोंदींत सापडेना. दुसऱ्या दिवशी मी पेडण्याच्या दुकानात गेलो. काउंटरवर जी बाई आहे, ती दुकान उघडलं तेव्हापासूनची. तिला विचारलं.

ती उलट मलाच म्हणाली, "भाऊ, थट्टा करता काय?"

"थट्टा कसली?"

"पोती उतरली की मी आधी पिशव्या बांधून आत ठेवायचे. मास्तरीणबाईंच्या दोन किलो, देवळाजवळच्या भटजींच्या तीन, बाळंतिणीचं घर असेल त्यांच्या. बिल करायचे 'सुटा माल' म्हणून, तांदळाच्या नावावर नाही, कारण ते लोक कधी शनिवारी येणार, कधी सोमवारी, तोवर फळीवरचा संपलेला. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मग तुमची पाच किलोची पिशवी कोण न्यायचं हो? तुमचं भूत?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली.

खरंच, ती पिशवी मीच न्यायचो. मालाच्या दुसऱ्यातिसऱ्या दिवशी पेडण्याला फेरी असायची आणि जाताना ती माझ्या हातात पिशवी द्यायची. पैसे मी रोख मोजून द्यायचो, फुकट कधी नेलं नाही. बिलावर 'सुटा माल' लिहिलेलं असायचं आणि ते मी वाचायचोही. माझ्या घरी त्या तांदळाची पेज होत होती, आणि मी गोदामात बसून लिहीत होतो की हा तांदूळ खाणारे कमी. तो बंद झाल्यावर बायको एकदा म्हणाली होती, "पूर्वीचा उकडा का नाही आणत?" मी म्हणालो, "येत नाही आता." जणू काही तो आपण होऊन यायचा थांबला होता.

"तेव्हा मला सांगितलं का नाहीस?" मी काउंटरवरच्या बाईला विचारलं.

"सांगितलं होतं. म्हटलं होतं, भाऊ, दोन दिवसांत संपतो, मग अठ्ठावीस दिवस लोकांना काय वारा विकू? तुम्ही म्हणालात, कागदावर दाखव. माझ्याकडे कुठला कागद?"

हे मला आठवत नाही. पण मी असं म्हणालो असेन. मी तसंच बोलतो.

डिचोलीला परतल्यावर मी हिशेब पुन्हा मांडला. दोन दिवसांत साठ, म्हणजे दिवसाला तीस किलो. पहिल्या दोन दिवसांची गर्दी महिनाभर टिकली नसती, लोक थोडं साठवूनही ठेवत असतील. म्हणून अर्धं धरलं, मग त्याचंही अर्धं. तरी दिवसाला साडेसात किलो होत होते, म्हणजे पाकिटाच्या जवळपास. माझ्या रेघेच्या चौपटीहून जास्त. कसंही मांडलं तरी माझ्या बाजूने उत्तर येईना. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "साठ किलो तांदळासाठी तोंड एवढंसं का करतोस? परत चालू कर." त्यांच्या लेखी विषय संपला.

दिवाळीनंतर एका रविवारी मी स्कूटर काढून वयनीच्या गावी गेलो. खळ्यात चटया दिसल्या नाहीत. ती ओसरीवर नारळाचे हीर काढत बसली होती, केरसुणीसाठी. पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐका. आणि एका दमात सगळं सांगितलं. दोन दिवस, अठ्ठावीस दिवस, पिशव्या, माझी पाच किलोची पिशवीसुद्धा.

तिने कोयती खाली ठेवली. "दोन दिसांत सोंपतालो?"

"दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकला तर खूप."

"मागीर आमकां कोणें सांगलें ना!" तिचा आवाज चढला. "म्हयन्याक एकदां मागतात, म्हणजे तितलोच खपता, अशें हांव समजलें. म्हजेकडेन दोन भाणां आशिल्लीं. एक रितें पडून आसतालें."

याचा मी विचारच केला नव्हता. माल महिन्यातून एकदा यायचा, कारण मी महिन्यातून एकदा फोन करायचो. ती दुप्पट देऊ शकत होती. मी कमी मागवलं, मग कमी विकलं गेलं, मग कमी विकलं जातं म्हणून बंद केलं.

"आता एक भाण आहे की दोन्ही?" मी विचारलं.

"एकच. दुसरें विकलें." मग तिने विचारलं, "मागीर ही चूक कोणाची?"

"माझी."

"यंत्राची न्हय?"

"यंत्राला मीच सांगितलं होतं काय मोजायचं ते. माझीच."

"बरें. हें म्हज्या सुनेक सांगात."

सून आत होती. विमानतळावर कामाला जाते, तिची दुपारची पाळी होती, गणवेश घालून केस बांधत बाहेर आली. सासू म्हणाली, "बस थंय. बाब कितें सांगतात तें आयक." आणि मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. सुनेने मध्ये एकदाच विचारलं, "दिवसाला किती म्हणालात?"

"तीस किलो. कमी धरले तर साडेसात."

"आणि पाकिटाचा?"

"नऊ."

तिने केस बांधून संपवले. मग म्हणाली, "ते भाण मीच विकायला लावलं. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने नेलं. दारात ठेवलंय, पाणी घालून वर फुलं सोडतात. मी यांना रोज म्हणायचे, आई, कोण खातो आता तुमचा उकडा? दुकानदारानेच सांगितलं ना, चालत नाही म्हणून?"

"दुकानदाराने सांगितलं म्हणूनच तू म्हणालीस," मी म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही." ती मान खाली घालून गणवेशाचं बटण लावत राहिली. माझं एक वाक्य दोन वर्षं या घरात रोज बोललं जात होतं, आणि मी तिकडे डिचोलीत बिनघोर जेवत होतो. हॉटेलवाल्याकडून भाण परत विकत घेता येईल का, असं मी विचारलं. सून म्हणाली, "देणार नाहीत. लोक फोटो काढतात त्याच्यासोबत."

"आतां दोगांनीय रडूं नाकात," वयनी म्हणाली. "किती जाय तें सांगात."

"तुम्हाला जमेल तेवढा."

"जमेल तेवढा म्हणजे किती? आकड्यांचीं मनशां न्हय तुमी?"

मी खिशातला कागद काढला. आठवड्याला साठ, असं त्यावर लिहिलं होतं. मान हलवून ती नाही म्हणाली. दोन भाणं असती आणि दोन वर्षांपूर्वीची कंबर असती तर दिला असता. आता एका भाणात होईल तो, पंधरवड्याला पंचवीस किलो. या वर्षीचं बरंचसं भात तिने आधीच गिरणीला विकलं होतं, त्यामुळे तेही शिमग्यापर्यंतच. पुढचं पुढे. पंचवीस किलोंनी एक पोतंसुद्धा भरणार नाही हे मला दिसत होतं, पण मी हो म्हटलं. पिशव्या कुणाला द्यायच्या ते काउंटरवरच्या बाईने ठरवायचं, माझ्या घरी त्यातला दाणा जाणार नाही, एवढं मी मनाशी ठरवलं. त्याने कुणाचं काही भरून येत नाही, हेही मला कळतं.

चहा पिऊन मी निघालो. स्कूटरला चावी लावली तेवढ्यात शेजारच्या घरातल्या बाईने कुंपणापलीकडून विचारलं, "कोण गे आयल्लो?"

वयनी अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुकानाचो! आमचो तांदूळ दोन दिसांत सोंपतालो म्हण सांगूंक आयल्लो!" मग माझ्याकडे बघत तेवढ्याच मोठ्याने म्हणाली, "दोन वर्सांनी!"