आतड्याची चुगली

माझ्या आतड्यानं माझी चुगली केली, या गोष्टीला आता दोन वर्षं झाली.

माझी पुतणी चारू डॉक्टर. चंद्रपूरला प्रबंध लिहीत होती. त्यासाठी तिला धडधाकट माणसं हवी होती. एकच कमी पडत होतं आणि हातात महिनाच उरला होता. मी पोंभुर्ण्याचा विज्ञानाचा मास्तर, छाती पुढे काढून हजर! (पोट आधीच पुढे होतं.)

पहिल्या खेपेला उपाशीपोटी साखरेचं पाणी प्यायलो आणि थोड्या थोड्या वेळानं रक्त दिलं. दुसऱ्या खेपेला रक्त तसंच, पण साखर थेट शिरेतून.

"काका, आज तोंडात काईच टाकू नका. आतड्याले पत्ताच लागला नाई पायजे!"

"मले शिकवून राह्यली का? पचनसंस्था मीच शिकवतो!"

नळी लावून ती पलीकडे गेली. दोन तास नुसतं पडून राहायचं! हात खिशात गेला. खिशात वाळकी मोहफुलं, मनुकांसारखी गोड; आमच्याकडे ती असतातच. मी शास्त्रशुद्ध विचार केला. हे तर फूल! फुलाला कोणी जेवण म्हणतं का? एक तोंडात टाकलं. मग खिसाच संपला.

आठ दिवसांनी चारू कागद घेऊन घरी आली, चेहरा पडलेला.

"काका, शिरेतून साखर दिली का पिल्यापेक्षा इन्शुलिन कमी निघते. तुमचं भलतंच वाढलं! काय खाल्लं?"

"काईच नाई!"

"मंग आतडं खोटं बोलते का? गोड पोचलं का ते रक्तातून हार्मोन धाडते, तवा स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडते. साखर उतरली का दोघंही गप्प."

"खिसाभर मोहफुलं नेली होती यायनं," बायको शांतपणे म्हणाली. "घरी आले तं खिसा रिकामा!"

लाज वाटलीच, पण त्याहून जास्त मी थक्क झालो. इतकी वर्षं फळ्यावर आतडं काढलं, नुसती वेटोळी नळी म्हणून! आणि ती नळी चार फुलांची वर्दी बिनचूक पोचवते, मला न विचारता, जन्मापासून रोज. माझे डोळेच भरून आले.

"रडू नका काका, पुन्हा करू."

पुढच्या रविवारी बिनखिशाचा सदरा आणि उशाशी बायकोचा पहारा! आकडे हवे तसे आले, प्रबंध वेळेत गेला.

"म्हणजे मी धडधाकट ना?" मी ऐटीत विचारलं.

"आतडं चोख, स्वादुपिंड चोख," चारू म्हणाली. "पण काका, डोकं तपासाचं मशीन माझ्यापाशी नाई!"