एकादशीची बाटली

आमच्या वॉर्डात किस्से सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांसारखे साठतात. फेकायचं कुणाच्या ध्यानातच राहत नाही. त्यातले काही तर एकाच बाटलीचे आहेत.

* * *

साक्कोट्टैच्या वळणावर रिक्षा उलटली आणि रुक्मामामींना आमच्याकडे आणलं. रक्तस्राव भरपूर, आणि ब्लड बँकेतून रक्त यायला वेळ. तोवर मोठ्या डॉक्टरांनी प्लाझ्माऐवजी चालणारी स्टार्चची बाटली लावली.

मामींचे यजमान नारायणमामा, या तमिळ मुलखातही आमच्यासारखेच घरात मराठी बोलणारे. त्यांनी मला, वॉर्डातल्या धाकट्या डॉक्टरला, बाजूला घेतलं. इथं धाकट्या भावाला म्हणतात तसं मला सगळे ‘तंबी’च म्हणायचे.

"तंबी, हे कशाचं?"

"मक्याच्या स्टार्चचं."

"अय्यो. आज एकादशी आहे रे!"

* * *

मोठ्या डॉक्टरांनी तो प्रश्न गंभीरपणे सोडवला. "मामा, तोंडातून गेलं तर अन्न. हे शिरेतून जातंय. शिवाय उद्या उपास सोडायच्या आत लघवीतून निघूनही जाईल."

मामी वाचल्या. वॉर्ड आठवडाभर हसत होता.

* * *

काही महिन्यांनी मामी लाकडी फणीनं पाठ खाजवतच आल्या. आंघोळीचं ऊन पाणी लागलं की अंगभर खाज. पुरळ नाही, काही नाही.

मी वाचून काढलं. ते स्टार्च रक्तातून काही दिवसांत बरंचसं जातं, पण थोडं कातडीत दडून महिनोन्‌महिने राहतं आणि खाज आणतं.

"सर, आपण चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "यापुढे प्रत्येकाला खरं सांगायचं."

"तू खरं सांगून होईपर्यंत पेशंट जाईल, तंबी."

* * *

मी मामींना खरं सांगितलं. खाजेचं त्यांना काही नव्हतं.

"म्हणजे अन्न अंगातच आहे. मग माझा एकही उपास खरा नाही?"

त्यानंतर दर एकादशीला गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाला जाताना त्या वॉर्डाच्या दारातूनच विचारायच्या, "गेलं का ते?"

मरायच्या आधी एक तरी खरा उपास घडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

"हो म्हणून टाका ना, डॉक्टर," सेल्वी सिस्टर म्हणायची. "तुमचं काय जातंय?"

मी कधीच हो म्हणालो नाही. माहीत नसलेलं मी कसं सांगणार?

* * *

मामी हार्ट अटॅकनं घरीच गेल्या. काही आठवड्यांनी मामा ओपीडीत आले. हातात तीच फणी. पाठभर ओरखडे, पुरळ नाही.

"ऊन पाणी लागलं की खाज सुटते," ते म्हणाले.

"मामा, तुम्हाला कधी बाटली लावली होती?"

"मला? मी हॉस्पिटलात कधी झोपलोसुद्धा नाही."

त्यांनी फणी टेबलावर ठेवली.

"गेली तो दिवस एकादशीचा. सकाळी आंघोळ करून आली, माझ्या पाठीवरनं हात फिरवला. इतकी आनंदात होती, तंबी. म्हणाली, अहो, गेलं ते. कुठं गेलं, ते मी विचारलं नाही."