दुसऱ्या अंकातला सत्कार

पाहुणे येऊन बसल्याशिवाय वानखेडे काका तिसरी घंटा देऊ द्यायचे नाहीत. पाहुणा उशिरा आला, की आमच्याकडे चालू नाटक थांबवतात, दिवे लावतात आणि त्याला रंगमंचावर बोलावून शाल-नारळ देतात. काकांना या प्रकाराची शिसारी यायची. आता मलाही येते.

काका सावंगीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. रद्दीत निघालेल्या पुस्तकांत त्यांना एक इंग्रजी फार्स सापडला, तो त्यांनी मराठीत आणला. लंडनचं घर सिंदी मेघेत आलं, पाद्रीबाबांचे कीर्तनकार बुवा झाले. हे बुवा भलत्याच घरात अडकतात, घरमालकिणीचं लुगडं गुंडाळून कपाटात लपतात, आणि आत कोण आहे हे घरमालकाला शेवटपर्यंत कळत नाही. एवढंच नाटक. बुवा स्वतः काका, घरमालकीण मी.

तालमीत ते एकच सांगायचे, "हसू दुधावानी असते पोरी. वर येऊन राह्यलं, का कोणी फुंकर मारू नाई."

गावोगाव लोकांनी तेच केलं. हिंगणीला ऐन दुसऱ्या अंकात कुण्या देणगीदाराचे साडू आले आणि नाटक थांबलं. वर्ध्यात गणपतीला तर भाषण इतकं लांबलं, की काका कपाटात घामानं निथळले. बाहेर येऊन मला म्हणाले, "काऊन करतो आपण हे? यायले नाटक नाई पाह्यजे, हार पाह्यजे." तरी दुसऱ्या दिवशी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं काम करणं बंद केलं. हृदय थकलं होतं. ते आमच्या मंडळाच्या सचिवांकडे गेले. "शेवटचा एक प्रयोग करू द्या. दुसरा अंक एकदा सलग होऊ द्या. मले बाकी काई नको." सचिवांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

प्रयोग काय रंगला म्हणता! घरमालक कपाटाकडे निघाला, मी आडवी आले, लोक हसून हसून खुर्च्यांतून घसरत होते. तेवढ्यात दिवे लागले. सचिव माइक घेऊन वर आले. "आजचे सत्कारमूर्ती आहेत खुद्द आपले काका," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं कपाट उघडलं. घरमालक समोरच उभा.

लुगड्यावर शाल चढली, हातात नारळ आला, भाषणं झाली. मग काकांनी माइक घेतला.

"पडदा पाडा आता. बुवा सापडला. लपवाले काई उरलं नाई."

लोकांना तोही विनोदच वाटला. टाळ्या पडल्या.

काका महिनाभरात गेले. शोकसभेत सचिव गहिवरून म्हणाले, "त्यांच्या हयातीत आपण सत्कार करू शकलो, याचं समाधान आहे." मग हे नाटक जिल्ह्यात कुठं कुठं झालं, त्याची फुशारकी सुरू झाली. सलग एकदाही झालं नाही, हे मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं आणि चपला घालून घरी आले.