किल्लेदाराचा खटला

चौथीनंतर मुलीला घरीच शिकवायचं असं ठरवलं, तेव्हा आम्ही नुकतेच नगरजवळच्या केडगावात राहायला आलो होतो. नवरा रस्त्यांच्या कामावर इंजिनियर. एक काम संपलं की गाव बदलायचं, आणि गावाबरोबर मुलीची शाळाही. एका शाळेत शिकवून झालेला धडा दुसऱ्या शाळेत पुन्हा सुरू व्हायचा आणि मधलं काहीतरी कायमचं राहून जायचं. गणित आणि विज्ञान मी लग्नाआधी क्लासमध्ये शिकवत होते, त्यामुळे त्यांची चिंता नव्हती. अडचण होती ती इतिहासाची. भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी ही पोरगी इतिहासाचं पुस्तक समोर आलं की जांभया द्यायची.

"यात माणसं काही बोलतच नाहीत," ती म्हणायची. "नुसती येतात, लढतात आणि जातात."

हे बोलणं सासूबाईंना लागायचं. त्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या घरी शिकवण्याच्या बेताला त्यांचा विरोध होता आणि तो त्या लपवत नव्हत्या. सकाळी भाजी निवडताना मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायच्या, "इतक्या शाळा बांधल्यात सरकारनं. त्या काय लग्नकार्याला भाड्यानं द्यायला?"

घरी शिकवणाऱ्या पालकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. तिथे मी विचारलं, आणि तासाभरात सगळ्यांनी एकच सुचवलं. परदेशातून येणारा एक संच होता. त्यात पाठ्यपुस्तक नव्हतंच, वर्षभर गोष्टींची पुस्तकं वाचायची. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं. एकेका काळातली माणसं गोष्टीतून भेटायची आणि इतिहास आपोआप कळायचा. फोटोत ती पुस्तकं इतकी देखणी दिसत होती की मी रात्री नवऱ्याच्या ताटाशेजारी मोबाईल ठेवला. त्यानं आधी चित्रं पाहिली आणि मान डोलावली. मग खाली किंमत पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "वरण वाढ."

दुसरा एक अभ्यासक्रम स्वस्त होता, पण तो सगळा पडद्यावर होता. नमुन्याचा धडा लावला, तर एक कार्टूनमधला राजा घोड्यावरून उतरून चार पर्यायांतला बरोबर पर्याय निवडायला सांगत होता. मुलीनं पर्याय निवडला, राजानं टाळ्या वाजवल्या. "हा पण काही बोलत नाही," म्हणत ती उठून गेली.

त्याच सुमारास ग्रुपमधल्या पुण्याच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांचा मुलगा मोठा झाला होता, संच विकायचा होता, आणि त्या देवदर्शनाला शिर्डीला जाताना केडगाववरूनच जाणार होत्या. हायवेलगतच्या एका चहाच्या हॉटेलासमोर आम्ही भेटलो. त्यांनी गाडीची डिकी उघडली आणि सगळी पुस्तकं खोक्यातून बाहेर काढून मांडली. मुलगी डिकीच्या कडेवर बसून लगेच वाचायला लागली. मी एकेक चाळत होते. बर्फातली गावं, जहाजं, दूरदेशीच्या राण्या.

थोड्या वेळानं मुलीनं मान वर केली. "काकू, हे चाललं होतं तेव्हा इकडे काय चाललं होतं?"

"इकडे म्हणजे?"

"म्हणजे इथे. नगरला."

बाई हसल्या. "ते यात नाही गं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मला हा संच विकायचाय, तरी खरं सांगते. आम्ही यातली निम्मी पुस्तकं उघडलीसुद्धा नाहीत. उपयोग झाला तो या मार्गदर्शिकेचा. ही घेऊन जा, वाचा, आणि मग खोकं हवं की नको ते कळवा."

ती पातळ मार्गदर्शिका मी दोन दुपारींत वाचून काढली. त्यातली पद्धत साधी होती. एक काळ घ्यायचा. त्या काळावरचं एक पुस्तक घरातल्या मोठ्यांनी वाचून दाखवायचं, एक मुलानं आपलं आपण वाचायचं. नकाशावर जागा शोधायच्या. भिंतीवर काळाची एक लांब पट्टी लावून त्यावर माणसं चिकटवत जायचं. आणि शेवटी मुलानं वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा नाहीत. मला वाटलं, यात असं काय आहे जे मराठी पुस्तकांनी होणार नाही? बाईंना तसं कळवलं. त्यांनी मार्गदर्शिका ठेवून घ्या म्हणून सांगितलं आणि खोकं दुसऱ्या कुणालातरी दिलं.

मग मी आणि मुलगी नगरच्या एका जुन्या वाचनालयात गेलो. वर्गणी मार्गदर्शिकेच्या वजनाइतकीच हलकी होती. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट जिन्याखाली होतं. ग्रंथपाल म्हणाले, "या बाजूला हल्ली कोणी फिरकत नाही. हवी तेवढी चाळा, फक्त नंतर शिंका येतील." शिंका आल्याच. पण पिशवी भरून आम्ही घरी आलो तेव्हा मुलगी रिक्षातच एक उघडून बसली होती.

मोठ्यानं वाचण्याचं काम माझं. पण आठवड्याभरात माझा घसा बसला. आवाज फुटेना म्हणून मी पुस्तक मिटलं, तर मुलगी रडकुंडीला आली. किल्ल्याला वेढा पडलेला, आतला दाणागोटा संपत आलेला, आणि आई थांबली. सासूबाई पलीकडे वाती वळत होत्या. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "आण इकडे. बघू काय लिहिलंय."

त्या वाचू लागल्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत राहिले. किल्लेदाराचा आवाज वेगळा, पहारेकऱ्याचा वेगळा, फितुराचा तर असा की मुलीनं पाय वर घेतले. पानाच्या शेवटी मात्र त्या चष्मा काढून सांगायच्या, "हे एवढं खरं. हे पुढचं लेखकानं रचलेलं." मुलगी विचारायची, "तुला कसं कळलं?" आणि मग वाचन बाजूला राहून गप्पा सुरू व्हायच्या. माझा घसा चार दिवसांत सुधारला, पण पुस्तक काही माझ्याकडे परत आलं नाही.

त्या कादंबरीत शेवटी किल्लेदारानं लाच घेऊन दरवाजा उघडला. मुलीनं भिंतीवरच्या पट्टीवर त्याला काळ्या कागदाचा करून चिकटवला. महिनाभरानं ती स्वतः एक दुसरी कादंबरी वाचत होती, ती अचानक उठून माझ्याकडे आली. चेहरा पडलेला.

"आई, हा तोच किल्लेदार आहे. पण यात तो चांगला आहे. टाक्यातलं पाणी संपलं, लेकरं तहानेनं मरायला लागली, म्हणून त्यानं दरवाजा उघडला." तिनं दोन्ही पुस्तकं माझ्यासमोर आपटली. "मग खरं कोण सांगतंय?"

मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या हसत होत्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण हा प्रश्न मला वर्गात एकीनंही विचारला नाही."

मुलीला किल्ल्यावरचं पाणी स्वतः बघायचं होतं. कादंबरीतला किल्ला लांब होता, म्हणून हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं गाडीनं राजूरला गेलो आणि तिथून पुढे डोंगरातल्या एका किल्ल्यावर. सासूबाई पायथ्याच्या घराच्या ओसरीवर बसल्या, आम्ही तिघं चढलो. वर खडकात कोरलेली टाकी होती. मुलीनं पालथं पडून एकात हात घातला. पाणी काठोकाठ आणि गार. तिचा चेहराच उतरला. एवढं पाणी असेल तर तिचा चांगला किल्लेदार खोटा ठरत होता.

खाली आल्यावर तिनं त्या घरच्या काकांना विचारलं, "उन्हाळ्यातपण इतकंच पाणी असतं?"

काका म्हणाले, "आता लई दिसतंय, चैतात ये मंग बघ. काई टाकी आटत्यात, काई न्हाई आटत."

"पण वेढ्यात तर खूप माणसं असतील ना वर?"

"व्हय, मानसांवर बी हाय ते. आमी चार मानसं ऱ्हातो, आमाला पुरतं."

परतीच्या वाटेवर संगमनेरच्या जवळ आल्यावर ती म्हणाली, "आपण खटला चालवू."

पुढच्या शनिवारी आमच्या हॉलमध्ये खटला उभा राहिला. न्यायाधीश सासूबाई, अंगावर नवऱ्याचा काळा रेनकोट. किल्लेदार म्हणून नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी ताकीद दिली. शेजारच्या ताई आणि त्यांच्या दोन मुली प्रेक्षक म्हणून आल्या. आरोप करणारी वकील मुलगी, आणि बचाव करणारीही तीच. आरोप करताना ती सोफ्याच्या डाव्या बाजूला उभी राहायची, बचाव करताना उजव्या. डावीकडून म्हणाली, "लाच घेतली नाही तर नंतर याला जहागीर कशी मिळाली?" मग पळत उजवीकडे. "जहागीर मिळाली असं फक्त एकाच पुस्तकात आहे." मध्येच शेजारची धाकटी उभी राहिली आणि तिनं किल्लेदारालाच विचारलं, "काका, तुम्ही पाणी जपून का नाही वापरलं?" नवरा म्हणाला, "चूक झाली," आणि बचावाच्या वकिलानं कपाळावर हात मारला.

शेवटी सासूबाईंनी टेबलावर लाटणं आपटलं. "पुरावा अपुरा आहे. न्यायालयाला निकाल देता येत नाही."

"असं कसं?" मुलगी चिडली. "मग तू न्यायाधीश झालीसच कशाला?"

"निकाल देता येत नाही हे सांगायला पण न्यायाधीश लागतो," सासूबाई म्हणाल्या, आणि रेनकोट काढून सगळ्यांसाठी पोहे करायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीनं पट्टीवरचा काळा किल्लेदार काढला आणि करड्या कागदाचा नवा कापून लावला. मग जेवायला बोलावलं तरी उठली नाही, काहीतरी लिहीत बसली. विचारलं तर म्हणाली, तिसरी गोष्ट लिहितेय, त्यात किल्लेदाराची बायको बोलते. दोन्ही कादंबऱ्यांत तिला एकही वाक्य नव्हतं.

आता शनिवारी शेजारच्या मुलीही वाचनाला येतात. मला काम फक्त पुस्तकं बदलून आणण्याचं उरलंय. परवा मधल्या दिरांचा नाशिकहून फोन आला, दिवाळीला आईला इकडे पाठवा म्हणून. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "यंदा नाही जमायचं रे. आरमार आत्ता कुठे बंदरातून निघालंय, आणि मुली ऐकायला बसल्यात."