भावाचा बर्फ

विहिरीच्या ओल्या दगडावरून घसरले, डाव्या कुशीवर आपटले आणि पोटातली प्लीहा फुटली. कणकवलीला ऑपरेशन करून ती काढली. प्लीहा नावाची वस्तू आपल्याकडे आहे, हे मला ती गेल्यावर कळलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांच्या नाकाघशात न्यूमोनियाचे जंतू सुखाने राहतात. मुलांना बहुतेक वेळा काही होत नाही. प्लीहा नसल्याने तुमच्या मात्र ते आता जिवावर बेततील. लस घेईपर्यंत आणि नंतरही पंधरा दिवस मुलांपासून लांब राहा."

मुलं म्हणजे आमच्या घरात एकच, भावाची साडेतीन वर्षांची मुलगी. तिची आई पहाटे मासे विकायला निघाली, की ही माझ्या गोधडीत शिरायची आणि बारा महिने वाहणारं नाक माझ्या पदराला पुसायची. मी बिनलग्नाची. मला दुसरं होतं कोण? मी मागच्या खोलीत अंथरूण नेलं आणि मधल्या दाराला आतून कडी लावली. पहिले काही दिवस ती दार बडवून रडायची, आत मी रडायचे. मग तिने दार बडवणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

लस आमच्याकडे कुठे मिळेना. भावाने दोन दिवस होडी किनाऱ्यावर ठेवली आणि गोव्याहून ती आणली. हाडाचा मासेवाला तो. फोडलेल्या बर्फात बाटली गाडून, गारठा वाढावा म्हणून वर मूठभर मीठही मारलं होतं. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि बाजूला ठेवली.

"गोठलीय. आता उपयोग नाही. नुसता गारवा हवा होता."

"माझ्या बर्फात बांगडो मुंबैक ताजो पोचता," भाऊ म्हणाला. "ह्या औषद कसा नासला?"

 मला त्याचा संताप आला होता आणि त्या संतापाची लाजही वाटत होती.

दुसरी लस यायला दीड महिना गेला. ती टोचून घेतली, पंधरा दिवस काढले आणि सोळाव्या दिवशी सकाळी कडी काढली.

पोरगी ओटीवर शिंपले मांडून बसली होती. मी हात पसरले. ती उठली, मागे सरत भिंतीला टेकली आणि दोन्ही हातांनी तिने नाक गच्च दाबून धरलं. डोळे भरले होते.

"हंय येव नको गो आत्ये," ती म्हणाली. "माझा नाक तुका मारतला."